स्वतःबद्दल पाठांतर

नोव्हेंबरच्या अखेरीस कॅटचा पेपर होतो. इंग्रजी, तर्क आणि गणित मिळून 120 मिनिटं, संपला विषय. पुढे निकाल लागतो, आयआयएमचं बोलावणं येतं, पेढे वाटून होतात आणि मग खरी पंचाईत सुरू होते. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न असतो, ‘स्वतःबद्दल सांगा.’ हा धडा मुलांनी दहावीपासून ऑप्शनला टाकलेला असतो.

सांगलीचा एक मेकॅनिकल इंजिनिअर धरून चालू. त्याचा खरा छंद म्हणजे लोळत जुन्या मॅच बघणं. क्लासच्या सरांनी तो खोडला आणि तिथे ‘ट्रेकिंग’ लिहिलं. आता ट्रेकिंग म्हटलं की कळसूबाई आलंच. उंची 1646 मीटर, तालुका अकोले, सगळं तोंडपाठ. बूटही आणलेत, अजून खोक्यातच आहेत.

मेकॅनिकलनंतर एमबीए कशाला? ‘पॅकेज’ हे उत्तर खरं असलं तरी चालत नाही. अवगुण कोणता? आळस सांगायचा नाही. ‘काम परिपूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही,’ असं खाली मान घालून सांगायचं. आई हे दाराआडून ऐकते आणि त्याच्या पलंगाखालचे मोजे बाहेर काढते.

चालू घडामोडींचा रतीब वेगळाच. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा सदस्य, रेपो दर म्हणजे काय, हे सगळं तो दात घासता घासता म्हणतो.

‘मग आपल्या घराचा हप्ता कधी कमी होणार रे?’ बाबा विचारतात.

‘बाबा, ते सिलॅबसमध्ये नाहीये.’

शेजारची ताई सीईटी देऊन कॅप राउंडमधून एमबीएला लागली. तिथे मुलाखतीची भानगडच नाही. तिला स्वतःबद्दल काहीच माहिती नसूनही प्रवेश मिळाला, याचं त्याला फार वाटतं.

गावाबद्दलही विचारतात, म्हणून त्याने सांगली नव्याने शोधली. हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथेच रंगवलं, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो तो त्यामुळेच. सराव मुलाखतीत त्याने ही माहिती एका दमात ओतली. सरांनी चष्मा वर सरकवला. ‘छान. शेवटचं नाटक कधी पाहिलंस?’

शाळेच्या गॅदरिंगमध्ये तो झाड झाला होता, तेवढाच त्याचा रंगभूमीशी संबंध. त्याच शनिवारी तो भावे नाट्यमंदिरात जाऊन बसला.

‘कसं होतं नाटक?’ रात्री आईने ताट वाढत विचारलं.

‘तीन मुद्दे,’ तो ताठ बसत म्हणाला. ‘नेतृत्व, टीमवर्क आणि वेळेचं नियोजन.’

‘अरे, पण गोष्ट काय होती?’

ते त्याने लिहून घेतलं नव्हतं.