घोषितवर्षमीमांसा : पोर्टमद्याच्या उत्तम वर्षाचे शास्त्रीय विवेचन

पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षे प्रतिवर्षी पिकतात. वर्ष मात्र प्रतिवर्षी होत नाही. दशकातून साधारणतः तीनच वर्षांस 'व्हिंटेज' ही पदवी प्राप्त होते. उर्वरित वर्षे केवळ पंचांगापुरती होत. सबब या शास्त्राचे आद्यसूत्र : यद् घोषितं तदेव वर्षम्।

घोषणा म्हणजे काय? सुगीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्यपेढीने, नियामक संस्थेकडून नमुना मान्य करवून, स्वतःच्या द्राक्षांविषयी प्रकट केलेला आदर. हा आदर कशाने उत्पन्न होतो, याविषयी तीन दर्शने संभवतात.

१. पर्जन्यदर्शन. हिवाळी पाऊस विपुल असावा, तो पाटीच्या खडकाच्या भेगांत मुरावा, मुळांनी खोल जाऊन तो शोधावा. उन्हाळा कोरडा असावा. सुगीपूर्वी एक हलकी सर यावी आणि तोडणीच्या वेळी आकाशाने संयम पाळावा. ही सर केव्हा यावी, यावरून श्रावणशाखा व भाद्रपदशाखा असे दोन तट पडतात. २०११ साली ऑगस्टच्या उत्तरार्धात एक व सप्टेंबरच्या आरंभी दुसरी सर आल्याने उभय शाखा विजयी ठरल्या, आणि वाद अधिकच चिघळला. अधिकमासाविषयी दोन्ही शाखा मौन पाळतात.

२. कोठारदर्शन. यांच्या मते वर्षाची उत्तमता आकाशात नसून व्हिला नोव्हा द गाया येथील मद्यपेढ्यांच्या तळघरांत असते. तळघर रिते तर वर्ष श्रेष्ठ. प्रमाण : १९३१. द्राक्षे असामान्य होती. परंतु १९२७ चा साठा शिल्लक, जगात महामंदी, ग्राहक अदृश्य. बहुतेक पेढ्यांनी घोषणा केली नाही. किंता दो नोव्हाल या पेढीने केली, आणि तिचे १९३१ पुढे अजरामर झाले. म्हणजे एकाच खोऱ्यात, एकाच उन्हात, ते वर्ष काही उंबरठ्यांच्या आत झाले आणि बहुतेकांच्या बाहेर राहिले. अद्वैत्यांनी या उदाहरणाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे खेदजनक आहे.

३. उत्सवदर्शन. यांच्या मते ज्या वर्षी उत्सव, तेच वर्ष उत्तम. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाचे, १८८७ चे, मद्य तिच्या नावे गौरवले गेले. टेलर पेढीने १९९२ घोषित केले; त्याच वर्षी तिला तीनशे वर्षे पूर्ण झाली होती. डाऊ, वॉर व ग्रॅहम या पेढ्यांनी मात्र १९९१ घोषित केले होते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्ष बरोबर असल्याने हा विषय चर्चेस सर्वथा योग्य आहे.

२०१६ व २०१७ ही लागोपाठची वर्षे बहुतेक प्रमुख पेढ्यांनी घोषित केल्याने दुर्मिळतेच्या सिद्धान्तास गंभीर बाधा पोहोचली. गोव्यात 'पोर्ट वाईन' या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त, गोड पेयाच्या बाबतीत घोषणाच नसते. ते कालातीत असल्याने मीमांसेच्या कक्षेबाहेर पडते.

अंतिम निर्णय चाखल्याविना देता येत नाही, आणि हे मद्य परिपक्व होण्यास सामान्यतः दोन दशके वा अधिक काळ लागतो. तोवर अभ्यासकांनी बाटली काळोखात, आडवी ठेवावी.