नवतपात सहकुटुंब समृद्धीवर

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईची मुले नव्या वह्यांना कव्हरे घालत असतात, तेव्हा नागपूरची मुले कूलरच्या जाळीला तोंड लावून ‘आऽऽऽ’ करत असतात. एका दुपारी तो आवाज असह्य होतो आणि घरातला कर्ता पुरुष म्हणतो, “चला, शिर्डीला जाऊन येऊ. समृद्धीने काय, पाच तास!” सदर मार्गदर्शिका हे वाक्य उच्चारले गेलेल्या कुटुंबांसाठी आहे. इतरांनी कूलरमध्ये पाणी भरावे आणि पान उलटावे.

प्रथम हे पाच तास. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. भागाकार पाचाच्या आतच येतो, पण तो करताना मागच्या सीटवर कोण बसणार आहे हे कोणी विचारलेले नसते. सहा वर्षांखालील एका मुलामागे एक तास वाढवावा. मुले दोन असतील तर तीन तास वाढवावेत, कारण थोरल्याला आली तेव्हा धाकट्याला येत नाही, आणि गाडी हलली की येते.

प्रस्थानाची वेळ पहाटे चार अशी जाहीर करावी. चार जाहीर केल्याशिवाय साडेसातला निघता येत नाही. मधल्या काळात दही-साखर, गाडीला हार, धाकट्याची एक चप्पल आणि गॅसचे बटण हे विषय क्रमाने हाताळले जातात. कूलरचा पंप बंद केला का, ही शंका मात्र घरात येत नाही. ती शिवमडक्याला, महामार्ग जिथे सुरू होतो तिथेच येते. नवतपात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, हे साडेतीन तास सर्वांत महाग पडतात. चारला निघालेली गाडी सकाळी दहापर्यंत बरेच अंतर कापून मोकळी होते. साडेसातला निघालेली गाडी भर दुपारी बुलढाणा जिल्ह्यात असते, आणि समोर सिमेंटच्या रस्त्यावर मृगजळ पसरलेले असते. मुले विचारतात, “पप्पा, ते पाणी कुठं गेलं?” याचे शास्त्रीय उत्तर देऊ नये. पुढे २०० किलोमीटर तोच प्रश्न येतो.

आदल्या दिवशी टायर पाहावेत. उन्हात हवा फुगते म्हणून ती जरा कमीच ठेवावी, असा सल्ला शेजारचे काका देतील. काकांचे आभार मानावेत आणि नेमके उलट करावे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. गाडीच्या दारावर लिहिलेला आकडा पाहून टायर गार असताना पूर्ण हवा भरावी.

आसनव्यवस्था. परंपरेने धाकटे मूल पुढे आईच्या मांडीवर बसते, कारण तिथे एसी थेट लागतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेले तर हजार रुपये दंड आहे. यावर आबाजींचा युक्तिवाद ठरलेला: “तुले त मी फटफटीच्या टाकीवर बसवून नेलं होतं, काय झालं बे तुले?” युक्तिवाद बिनतोड आहे. फटफटी चाळिसाच्या वर जात नव्हती, एवढेच नम्रपणे सांगावे आणि मुलाला मागे बांधावे. बांधण्याआधी पट्ट्याच्या धातूच्या कडीला आपले बोट लावून पाहावे. उन्हात उभ्या गाडीतली ती कडी चटका देते. गाडी लावताना तिच्यावर ओला पंचा टाकून ठेवला तर तेवढा एक हंबरडा वाचतो. शिवाय गाडीत शिरताच काचा बंद करून एसी चारवर नेण्याची घाई करू नये. दारे-खिडक्या उघडून आतली भट्टी आधी बाहेर घालवावी.

आता कांदा. प्रत्येकाच्या खिशात एक कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, याला पुरावा नाही. ‘कांदा ठेवू नका’ असे सासूबाईंना सांगितल्याने काय लागते, याला भरपूर आहे. तेव्हा कांदा खिशात असू द्यावा आणि पाणी हातात. तहान लागायची वाट न पाहता दर थोड्या वेळाने मुलांना दोन-दोन घोट पाजावेत. एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण आईला पाठ असते. तरी बाबा मिठाचा चमचा ‘अंदाजे’ टाकतात, आणि मुले ते पाणी कायमचे नाकारतात. पन्हे बरोबर असेल तर भांडण मिटते. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी नको, आईचे दूधच अधिक वेळा द्यायचे. हे आजीला समजावण्यासाठी डॉक्टरांचा फोन लागतो का, ते आधीच पाहून ठेवावे.

समृद्धी सरळ आहे, घाट नाही, म्हणजे ओकारी नाही, हा समज मुलाच्या हाती मोबाईल देईपर्यंत टिकतो. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानातला तोल सांगतो आपण धावतोय. या भांडणात पोट पडते. दोन ते बारा वर्षांची मुले यात अग्रेसर. त्यात आलुबोंडे आणि लोणच्याच्या पुऱ्या पोटात असतील तर पिशवी सीटखाली नव्हे, हाताशी ठेवावी. पिशवीला भोक नाही ना, हेही आधीच पाहावे.

या प्रवासातली खरी आपत्ती ऊन नाही, चालकाचा बाणा आहे. “नागपूरहून निघालो ते थेट शिर्डी!” हे वाक्य त्याला साडूला ऐकवायचे असते. मागून “पप्पा, लागली” असे आले की तो म्हणतो, “मेहकरला थांबू.” आवाज दुसऱ्यांदा येतो, तेव्हा मेहकर मागे पडलेले असते. या रस्त्यावर कडेला गाडी उभी करायला मनाई आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आहे आणि आडोशाला झाड शोधू जाल तर मुलापेक्षा उंच झाड मिळणे कठीण. म्हणून नियम एकच: पेट्रोल पंप दिसला की थांबायचे. ‘आत्ता नाही आली’ हे विधान ग्राह्य धरू नये. ‘अजून किती राहिलं?’ याचे उत्तर किलोमीटरमध्ये देऊ नये. ‘दोन छोटा भीम’ असे द्यावे.

वाटेत लोणार दाखवून होईल, असे कोणीतरी सुचवेलच. उल्कापाताने बसाल्ट खडकात पडलेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर जरूर पाहावे, पण काठावरून आणि सकाळी. दुपारी दोनला मुलांना घेऊन खाली उतरणे सोपे आहे. चढताना मुले वडिलांच्या खांद्यावर असतात, आणि तळाचे पाणी खारट आहे.

शिर्डीत गाडी लावल्यावर शेवटचे काम. कुलूप लावण्याआधी मागची सीट डोळ्यांनी नव्हे, हाताने तपासावी. दिवसभर रडलेले मूल नेमके तेव्हाच झोपलेले असते आणि आवाज करत नाही. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसे काही होत नाही. “पाच मिनिटांत प्रसाद घेऊन येतो” म्हणणाऱ्याने मूल कडेवर घेऊनच जावे.

यातले काहीच जमणार नसेल, तर थंडीत जावे. दर्शन बाराही महिने चालू असते.