लिस्बनकाका

युरोप पाहून आलेला माणूस आमच्याकडे ओळखायला सोपा. पालघर स्टेशनहून सातपाटीकडे निघालेल्या भरगच्च रिक्षात तो चौथा बसतो, निम्मा आत, निम्मा बाहेर, आणि म्हणतो, "तिकडे ट्राम असते."

त्या वाटेवरच्या आमच्या शिरगावात असे काका आता आळीआळीत आहेत. तारापूर एमआयडीसीतली नोकरी संपलेली, फंड हातात आलेला, मुलगा बोरिवलीला स्थिरावलेला आणि काकूंचे गुडघे अजून शाबूत. पूर्वी या मुहूर्तावर लोक चारधामला जात. आता पहिल्या खेपेला पॅरिस-स्वित्झर्लंड होतं आणि दुसऱ्या खेपेला स्पेन-पोर्तुगाल. पहिल्या खेपेचे काका निरुपद्रवी असतात. आयफेल टॉवर चिमटीत धरल्याचा फोटो डीपीला लावतात आणि गणपतीपर्यंत निवळतात. दुसऱ्या खेपेचे निवळत नाहीत. कारण ते लिस्बनला जाऊन आलेले असतात, आणि लिस्बनचा आमच्याशी जुना हिशेब आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. पुढे दोनशे वर्षं हा किनारा त्यांच्या ताब्यात होता. आमचा शिरगावचा किल्ला त्यांच्याच आमदानीतला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. त्यामुळे बाकीचे चाळीस प्रवासी लिस्बनला सहलीसाठी गेले असतील. आमचे काका वसुलीला गेले.

तयारीही मोहिमेसारखीच झाली. युरोपात सोबत दूधदुभतं आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, मासळी मात्र माणशी २० किलोपर्यंत चालते, हा नियम काकांनी तोंडपाठ केला. "म्हणजे दोघांची चाळीस!" ते हर्षभराने म्हणाले. काकूंनी चाळीस किलोंमधून एक डबी सुकटीची चटणी मंजूर केली, तीही तीन पिशव्यांत गुंडाळून. तूप घरीच राहिलं.

लिस्बनमध्ये काकांनी काय पाहिलं हे विचारू नये, काय काय मोजलं ते विचारावं. तेजो नदीच्या काठावर बेलेंचा बुरूज आहे, १५१४ ते १५१९ मध्ये बांधलेला. सगळे फोटो काढत असताना काका तटाची जाडी वितीने मोजत होते. गाईडबाई तिथून निघालेल्या जहाजांबद्दल सांगत होत्या, काकांनी त्यांना मध्येच थांबवून सांगितलं, "ती जहाजं पोचली कुठे, ते मी सांगतो." जवळच्याच जेरोनिमुस मठात वास्को द गामाची कबर आहे. तिच्यापुढे काका कमरेवर हात ठेवून, भाडं थकवलेल्या बिऱ्हाडकरूच्या दारात घरमालक उभा राहतो तसे बराच वेळ उभे होते. शहराच्या मध्यभागी सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट आहे, ४५ मीटर उंच, १९०२ मध्ये सुरू झालेली. ती पाहून मात्र ते हळवे झाले. मुलाच्या सोसायटीतली लिफ्ट दिवाळीत बसली आणि होळीत बंद पडली होती. हे सगळं त्यांनी भाच्याला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, रात्री दहा वाजता. तेव्हा शिरगावात पहाटेचे अडीच वाजले होते.

पण खरं लिस्बन काकांना भेटलं ते जेवणाच्या टेबलावर. टूरवाल्यांनी दुपारी सवयीप्रमाणे भारतीय हॉटेलात नेऊन जीरा राइस आणि पनीर समोर ठेवलं. "आयुष्यभर समुद्राकाठी राहिलो ते इथे येऊन पनीर खायला?" असं म्हणून काका काकूंना घेऊन उठले आणि गल्लीतल्या एका लहानशा खानावळीत शिरले.

बसल्याबसल्या वेटरने न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवलं. आपल्याकडे कांदा-लिंबू येतं, तसंच हे असणार, असं काकांनी मानलं. "बघ, माणसं अगत्यशील आहेत. तीन पिढ्यांपूर्वी काय केलं असेल ते असेल." पिढ्यांचा हिशेब चुकला होता, पण पाव संपला. आणखी आला. तोही संपला.

मग बकाल्याउ आलं. पोर्तुगीजांचं हे राष्ट्रीय अन्न. काकांनी पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. वेटरला खुणेने विचारलं, मासा ताजा नाही का? वेटरने अभिमानाने मान हलवली. नाही. कॉड मासा उत्तरेच्या, नॉर्वेकडच्या समुद्रातून येतो. मीठ लावून सुकवलेला. रांधण्याआधी दिवस-दीड दिवस पाण्यात भिजत घालतात. नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी हाच शिजतो.

"अगं," काका काकूंना म्हणाले, "ही सुकी मासळीच की!"

त्यांचा आवाज भरून आला होता, असं काकू सांगतात. बोरिवलीच्या सोसायटीत सुका बोंबील तव्यावर टाकला की सेक्रेटरी जिना चढून वर येतो. मुलाकडे पाहुणे येणार म्हटलं की सुकटीचा डबा माळ्यावर जातो. आणि इथे, ज्यांनी दोनशे वर्षं आमच्यावर राज्य केलं, ते लोक सणाच्या रात्री पांढरा टेबलक्लॉथ घालून तेच खातात! काकांनी खिशातली डबी काढून सुकटीची चटणी वेटरला चाखायला दिली. त्याने डोळे मिटून बोट चाटलं. दोन किनाऱ्यांमध्ये तह झाला.

तो बिल येईपर्यंत टिकला. पाव, ऑलिव्ह, चीज, सगळं वेगवेगळं लावलेलं. तिथला रिवाजच असा आहे: टेबलावर आलेलं नको असेल तर परत पाठवा, तोंडाला लावलंत तर पैसे द्या. काकांनी बिल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "१७३९ गेलं तरी यांची वसुली चालूच."

नंतर काकूंनी त्यांना बेलेंच्या १८३७ पासून चालणाऱ्या मिठाईच्या दुकानात नेलं. तिथल्या अंड्याच्या पुरणाच्या खुसखुशीत टार्टची कृती मठातून आलेली आणि आजही गुप्त आहे. काकूंनी चार खाल्ले आणि "बरे आहेत" म्हणाल्या. काकू इतकी स्तुती सहसा करत नाहीत.

लिस्बनमध्ये सतत शिरगाव सांगणारे काका शिरगावात आल्यापासून सतत लिस्बन सांगतात. एक फायदा झाला. घराजवळचा किल्ला, ज्यात ते शाळा सुटल्यानंतर गेलेच नव्हते, तिथे आता ते येईल त्या पाहुण्याला नेतात. तट मोजून दाखवतात. आतलं फांद्या फुटलेलं ताडासारखं झाड दाखवून म्हणतात, "बेलेंला हे नाही." सुक्या बोंबलाला ते घरात बकाल्याउ म्हणतात, काकू बोंबीलच म्हणतात आणि बोंबीलच वाढतात.

त्यांना निरुत्तर केलं ते फक्त सातपाटीहून टोपली घेऊन येणाऱ्या मावशीने. लिस्बनच्या मासळीचं वर्णन तिने टोपली न उतरवता ऐकून घेतलं आणि विचारलं, "पापलेट मिलतं का तिकडं?"

"पापलेट नाही मिळत."

"मग येवढा पैसा घालून गेलास कशाला, काका?"

तुम्ही शिरगावला आलात तर किल्ला जरूर पाहा. तिकीट नाही. काका बरोबर आले तर दोन तास जास्तीचे धरा. आणि नंतर त्यांच्या घरी जेवायला बसाल तेव्हा ताटात न मागता जे येईल ते बेलाशक खा. तिथे बिल येत नाही.