साधूंची स्ट्राँग

पुणेकराला नुसती बिअर पिता येत नाही. आधी तिची माहिती सांगावी लागते, मग समोरच्याची माहिती कशी चुकीची आहे ते सांगावं लागतं, आणि या गडबडीत बिअर कोमट होते. इतर बिअरच्या बाबतीत हा अक्षम्य अपराध आहे. पण बेल्जियममधले ट्रॅपिस्ट साधू जी कडक बिअर करतात, ती बारा-चौदा अंशांवरच प्यायची असते. फ्रीजमधून काढावी, पंधरा-वीस मिनिटं व्याख्यान द्यावं, की ती तयार. खास पुणेकरासाठी जन्माला आलेलं मद्य जगात हे एकच, असं माझं ठाम मत आहे.

भाचीने ब्रसेल्सहून आणलेल्या, अशाच एका मठाच्या ‘रोशफोर १०’च्या बाटल्या घेऊन आम्ही राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला गेलो. नसरापूरला हायवे सोडला, मार्गासनी आणि साखर मागे टाकलं, की राजगड असा काही अंगावर येतो की गाडीतल्या गप्पा आपोआप थांबतात. तिथे भातखाचराच्या कडेला माझ्या मित्राने दोन खोल्या बांधल्या आहेत. तो त्यांना फार्महाऊस म्हणतो, गाव ‘ती खोली’ म्हणतं. खोलीची देखभाल शेजारचे आबा करतात. आबा माळकरी, दरवर्षी वारीला जाणारे. त्यांच्यासमोर बाटली काढायची म्हणजे पंचाईतच. पण आबा स्वतःच ओट्यावर येऊन बसले.

“ही कसली?”

“बिअर आहे आबा. तिकडचे साधू करतात.”

“साधू?” आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच भट्टी लावून आलोय. “आन् पोलीस येत न्हाईत?”

इथे व्याख्यानाला तोंड फुटलं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहून ठेवले, तेच हे ट्रॅपिस्ट साधू पाळतात. त्यातला एक असा, की साधूने स्वतःच्या हातच्या कष्टावर जगावं, तरच तो खरा साधू. म्हणून मठांनी शेती केली, चीज केलं आणि जिथे द्राक्षं पिकत नाहीत तिथे बिअर केली. आपल्या संतांमध्ये माळी झाले, कुंभार झाले, शिंपी झाले. भट्टीवाल्याची जागा तेवढी रिकामी होती, ती बेल्जियमने भरली, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आबांच्या गळ्यातली माळ पाहून गिळून टाकलं.

बाटलीवरच्या षटकोनी ट्रॅपिस्ट शिक्क्याच्या अटी कडक आहेत. बिअर मठाच्या आवारात किंवा अगदी लगतच व्हायला हवी, तिच्यावर देखरेख साधूंची हवी आणि पैसा मठाच्या खर्चाला नि दानधर्माला जायला हवा. आखेल नावाच्या मठात साधूच उरले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये त्यांच्या बिअरवरचा शिक्का गेला. बिअर होती तशीच राहिली, पण साधू नाही तर शिक्का नाही.

“मंग साधू पिऊन भजन करत्यात?” आबांनी मुद्द्याला हात घातला.

प्रश्न रास्त होता आणि उत्तर फारच मराठी आहे. मठात साधूंच्या ताटाशी जी बिअर येते ती बहुधा हलकी, साडेतीन ते पाच टक्क्यांची. भारी कडक माल गिऱ्हाइकासाठी. आता हे कडक प्रकरण वाढलं कसं, तेही ऐका. बेल्जियम सरकारने १९१९ मध्ये गुत्त्यांमधून जिन वगैरे विकायला बंदी घातली. जिनची तहान काही कायद्याने भागत नाही, म्हणून लोकांना बिअरच दणकट लागू लागली. पुढे १९३४ मध्ये वेस्टमाल मठाने सोनेरी रंगाची ट्रिपेल काढली, साडेनऊ टक्क्यांची. आपल्या मुंबई राज्यातही १९४९ चा दारूबंदी कायदा आला होता. त्यातून ट्रिपेल निघाली नाही, हातभट्टी निघाली. कायदा तोच, फक्त साधू कमी पडले.

एव्हाना मावशी, म्हणजे आबांच्या मंडळी, पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या होत्या. ही होते कशी, असं त्यांनी विचारलं. मी ‘माल्ट’, ‘फर्मेंटेशन’ वगैरे सुरू केलं, तेव्हा त्यांचा चेहरा कोरा. शेवटी मित्र म्हणाला, “मावशी, नाचणीचं सत्त्व करता ना, तसं. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडायचे.” मावशींना एका दमात सगळं कळलं. “मोड आलं की गोड हुतंया,” त्या म्हणाल्या. बिअरचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. धान्याला मोड आले की पिठाची साखर करणारी द्रव्यं त्यात तयार होतात, ती साखर यीस्ट खातं आणि मद्य सोडतं. रोशफोरमध्ये वरून बिटाची काळपट साखर पडते आणि किंचित धणेही. धण्यांचं ऐकून मावशींनी मान डोलवली. साधूंना स्वयंपाकातलं कळतं, असा त्याचा अर्थ होता.

ओतायची कशी, यालाही रीत आहे. ग्लास रुंद तोंडाचा हवा. आमच्याकडे आइस्क्रीमचे काचेचे पेले होते, ते चालले. बाटली हलवायची नाही, कारण यीस्ट तळाशी जिवंत असतं; बाटलीत भरल्यावरही ते काम करत राहतं. ग्लास तिरका धरून संथ धार सोडायची आणि शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्यायचा. बिअर पडली ती गडद तपकिरी, वर दाट तांबूस फेस. भाचीने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: सुकं अंजीर, प्लम, चॉकलेट, पोर्ट वाइन. मी पेल्यात नाक घालून प्लम शोधत बसलो. मावशींनी लांबूनच एकदा हुंगलं आणि म्हणाल्या, “काकवी हाय ही. तळाला जराशी करपल्याली.”

त्यानंतर मला त्यात काकवीखेरीज काही सापडेना. चव अगदी तीच: आधी काकवी, मग मनुका, मग घशातून उतरताना एक सावकाश ऊब. मित्राने पहिला घोट उन्हातून आलेल्या माणसासारखा घटाघट घेतला. त्याला वाटत होतं, १० म्हणजे दहा टक्के. तो आकडा बेल्जियमच्या जुन्या मोजमापातला, आंबवण्याआधीच्या रसाच्या घट्टपणाचा आहे. प्रत्यक्षात मद्य ११.३ टक्के. म्हणजे ३३० मिलीची ती गोंडस बाटली जवळजवळ एक नाइन्टी झाली. आपल्याकडची स्ट्राँग फार तर आठ टक्क्यांची, आणि ती चव लागू नये म्हणून बर्फगार पितात. ही चवीसाठीच पितात, तीही तासभर. सोबत फरसाण नको, खारट मसाला तिला मारून टाकतो. पिठलं मात्र जमलं, बेल्जियन चीजपेक्षा कणभर जास्तच.

त्यातही पुणेरी बाणा पाहायचा तर वेस्टव्लेटरेनच्या ट्रॅपिस्ट मठात. बाटलीवर लेबल नाही, ओळख बुचाच्या रंगावरून. वर्षानुवर्षं फोन करून नंबर लावायचा, फोन लागतच नसे. २०१९ पासून नोंदणी ऑनलाइन झाली. गाडीचा नंबर द्यायचा, मोजकीच खोकी मिळणार, पुन्हा विकणार नाही अशी हमी द्यायची. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवायला मठ तयार नाही, कारण वेळ प्रार्थनेला लागतो. ‘आमची कुठेही शाखा नाही’ ही पाटी फ्लेमिश भाषेत लिहायची तेवढी राहिली आहे. अपवाद २०१२ चा. मठाच्या बांधकामाला पैसे हवे होते, तेव्हा त्यांनी बिअरचे संच परदेशात विकायला काढले, खोक्यावर विटांचं चित्र छापून. आपण जीर्णोद्धाराचं पावतीपुस्तक फिरवतो, त्यांनी खोकी फिरवली.

आबांवर यातल्या कशाचाही परिणाम झाला नाही. मग मी पाण्याची गोष्ट काढली. रोशफोरच्या मठात १५९५ मध्ये बिअर होत असल्याची नोंद आहे, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माआधी ३५ वर्षं. ती होते मठाजवळच्या झऱ्याच्या पाण्यावर. शेजारच्या चुनखडीच्या खाणीला आणखी खोल जायचं होतं, त्यात झऱ्याला धक्का लागला असता. साधू कोर्टात गेले. खाण मोठ्या कंपनीची, वर्षानुवर्षं केस चालली. अखेर १८३३ च्या एका जुन्या दस्तावर निकाल ठरला. मठाचं पाणी वळवता येणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. २०२१ मध्ये अपिलात मठ जिंकला.

आबा ताठ बसले. धरणाच्या पाण्याचं राजकारण दाराशी पाहिलेला माणूस. “कागद जपून ठिवला व्हता म्हना की!” ते म्हणाले. पुढे वकील कोण, तारखा किती, याची चौकशी झाली. शेवटी निकाल मिळाला: “साधू चांगलं हायती. धंदा वाईट, पर साधू चांगलं.” प्यायले अर्थातच नाहीत.

वाचकहो, कुणी बेल्जियमहून येणार असेल तर चॉकलेटं राहू द्या, एक निळ्या बुचाची रोशफोर मागवा. उभी ठेवा, बर्फगार करू नका, एक बाटली दोघांत प्या आणि नंतर गाडी चालवू नका. गुंजवण्यात प्यायचीच तर कुणाच्या घरी, घरच्यांना विचारून. गडावर नाही, तिथे बंदी आहे आणि ती योग्यच आहे. चोरदरवाज्याच्या वाटेवर पडलेल्या बाटल्या कुठल्याही साधूने टाकलेल्या नाहीत. रिकामी बाटली पिशवीत घालून पुण्याला परत न्या.