आधी गाड्या मोजा, मग मजले

बस आगाराच्या जागेवर काय उभं राहणार, हे मुंबईत नेहमी वरून खाली सांगितलं जातं. वर घरं, त्याखाली कार्यालयं, मग दुकानं, मग मोटारींचा वाहनतळ आणि अगदी शेवटी, तळमजल्यावर, बस. चटई क्षेत्र किती आणि कोटी किती, हे पहिल्या परिच्छेदातच असतं. गाड्या किती उभ्या राहणार, हे मात्र शोधावं लागतं.

हा क्रम उलटा करा, एवढीच माझी मागणी आहे. बेस्टचं नवं आगार बांधायचं असो की जुनं पाडून पुन्हा उभं करायचं असो, पहिली ओळ गाड्यांची हवी. रात्री किती गाड्या आत येणार, त्यातल्या किती चार्ज होणार, किती दुरुस्तीच्या पिटवर चढणार आणि पहाटे किती वेळेवर बाहेर पडणार? ज्या कागदावर हे आकडे नाहीत, तो आगाराचा आराखडा म्हणून कुणी पुढे ठेवूच नये.

बेस्टकडे पैसा नाही, हे मान्य. जागेतून उत्पन्न काढावं लागेल, हेही मान्य. पण जागा 'जास्तीची' कशी ठरते ते बघा. 2010 च्या सुमारास बेस्टचा ताफा साडेचार हजार गाड्यांच्या घरात होता, आज तो तीन हजारांच्याही खाली आहे. 2019 मध्ये कामगार संघटनेबरोबर करार झाला, त्यात स्वतःच्या 3,337 गाड्या राखायचं ठरलं होतं. त्या राखल्या गेल्या नाहीत. जुन्या गाड्या भंगारात निघत गेल्या, त्यांच्या जागी नव्या घेतल्या नाहीत आणि आता स्वमालकीच्या गाड्या काहीशेच उरल्या आहेत. बाकी सगळा कारभार भाड्याच्या गाड्यांवर. गाड्या घटल्या म्हणून आगारात मोकळी जागा दिसते, आणि मोकळी दिसते म्हणून ती विकासकाला द्यायची. हा हिशेब मला अजिबात मान्य नाही. उद्या ताफा पुन्हा वाढवायचा म्हटलं, तर वरळीत किंवा कुलाब्यात बससाठी काही एकर मोकळी जमीन आणणार कुठून? 9 मे 2025 पासून किमान भाडं पाचाचं दहा झालं. प्रवाशाने आपला वाटा दिला आहे. आता त्याच्या गाडीची रात्रीची जागा तरी विकू नका.

आगाराचं खरं काम बघायचं तर रात्री साडेदहानंतर फाटकापाशी उभं राहावं. गाड्या एकामागून एक परतत असतात आणि रांग बाहेर रस्त्यावर येते. कंडक्टर मशीन आणि रोकड घेऊन खिडकीकडे जातो. ड्रायव्हर वहीत गाडीची तक्रार लिहितो: 'ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढते', 'मागचा दरवाजा अर्धवट मिटतो'. घाईत, उभ्या उभ्या, दुसऱ्या कुणाच्या पेनाने. मेकॅनिकची रात्र कशी जाणार ते या दोन ओळी ठरवतात. गाडी झाडायची, धुवायची. आज पिटवर कोणती घ्यायची आणि नुसती हवा बघून कोणती सोडायची, ते फोरमन ठरवतो. पिटमध्ये माणूस मान वर करून एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन काम करतो. पायाखाली तेलकट पाणी. त्या पाण्याचा निचरा नीट आहे की नाही, पायरी निसरडी आहे की नाही, डोक्यावर उजेड पुरेसा आहे की नाही, यावर काम किती चोख होईल हे ठरतं आणि तो माणूस सुखरूप घरी जाईल की नाही हेसुद्धा.

मग गाड्या लावायच्या, आणि त्यासुद्धा पहाटेच्या क्रमाने. चारची गाडी मागे अडकली, तर तिच्यासाठी पुढच्या तीन हलवाव्या लागतात. पहिली फेरी दहा मिनिटं उशिरा सुटते. त्या पहिल्या फेरीला केईएम रुग्णालयातल्या पाळीवर निघालेली आया असते, दादरच्या फुलबाजारात जाणारी बाई असते, ससून डॉकला निघालेली मासळीवाली असते. यांच्यासाठी दहा मिनिटं म्हणजे पाळीचा लेटमार्क किंवा हातचा माल गेला. इतक्या पहाटे टॅक्सी करणं त्यांना परवडत नाही. आगाराचा नकाशा काढणाऱ्याने ही माणसं डोळ्यांसमोर ठेवली पाहिजेत.

आता मजल्यांकडे येऊ. वर इमारत आली की खाली खांब आले, आणि ते कुठे येणार हे सहसा वरच्या घरांवरून ठरतं. बारा मीटरच्या बसला पूर्ण वळायला वीस मीटरहून जास्त रुंदी लागते. डबलडेकर साडेचार मीटरहून उंच असते. त्यावर पाइप, दिवे, पंखे, आग विझवायचे फवारे, आणि छतावर चढून काम करणाऱ्या माणसाचं डोकं. इलेक्ट्रिक बसच्या बाबतीत हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. एसीचं युनिट वर असतं, अनेक गाड्यांत बॅटरीचा काही भागही छतावरच असतो. म्हणजे डिझेलच्या काळात खालून होणारं बरंचसं काम आता वरून होणार. त्याला कठड्याचं मचाण हवं, जड वस्तू उचलायला क्रेन हवी, उच्च दाबाच्या विजेवर काम करायला वेगळी आखलेली जागा हवी. आणि पिटही लागणारच, कारण ब्रेक आणि सस्पेन्शन आजही गाडीच्या खालीच असतात.

विजेचा हिशेब करून बघा. एसीची मोठी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते. दिवसाला दोनशे किलोमीटर धावली तर अडीचशे युनिट. शंभर गाड्या धरल्या तर एका रात्रीत पंचवीस हजार युनिट. गाड्या रात्री अकरानंतर येणार आणि पहाटे चारला निघणार. म्हणजे हे सगळं पाच तासांत ओतायचं. पाच मेगावॉटची सलग मागणी झाली ही, तीही एका आगाराची. डिझेलची गाडी पंपावर काही मिनिटं उभी राहायची आणि पुढे सरकायची. इलेक्ट्रिक बस तासन्तास एका जागी उभी असते, त्यामुळे आगारातली रांगच वेगळी आखावी लागते. उपकेंद्राची जागा, केबलचा मार्ग, वीज गेली तर काय, हे इमारतीच्या पायाआधी ठरायला हवं. बेस्टला हे काम परकं नाही. ज्या संस्थेने 7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची ट्राम चालवली आणि जी आजही शहर भागात घरोघरी वीज पुरवते, तिच्याच घरात वीजवाले आणि बसवाले दोघेही आहेत. देशातल्या फार थोड्या बससेवांना हे भाग्य लाभलं आहे. या दोघांना पहिल्या बैठकीपासून एका टेबलावर बसवा.

पाण्याचंही तसंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला आणि धारावी हा मिठी नदीकाठचा भाग त्या दिवशी कसा होता, ते मुंबईकराला सांगायला नको. अशा ठिकाणी चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर जमिनीलगत ठेवणं हा गुन्हा मानला पाहिजे. चौथरा किती उंच घ्यायचा, हे त्या जागेला आजवर किती पाणी चढलं ते बघून ठरवा.

आणि आग. 2021 मध्ये जर्मनीत स्टुटगार्टच्या आगारात आग लागून 25 बस जळाल्या, त्यांत इलेक्ट्रिकही होत्या. 2022 मध्ये सिकंदराबादला इमारतीत खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं दुकान आणि वर लॉज होता. आग लागली, धूर वर चढला आणि आठ माणसं गेली. इलेक्ट्रिक बस मला हवी आहे. या शहराच्या फुप्फुसांसाठी ती यायलाच हवी. म्हणूनच मी हे कळवळून लिहितो आहे. शंभर बॅटऱ्यांच्या डोक्यावर कुटुंबं राहायला बोलावणार असाल, तर गाड्यांच्या रांगांमध्ये अंतर किती, मध्ये आगरोधक भिंती किती, धूर कोणत्या बाजूने बाहेर जाणार, बंब आत कुठवर येणार, हे घर घेणाऱ्याला आणि आगारात काम करणाऱ्याला दोघांनाही आधी कळलं पाहिजे. उत्तरं पटण्यासारखी नसतील तर वर घरं नकोत. कार्यालयंही नकोत.

कुणी म्हणेल, आगार शहराबाहेर हलवा, तिथे जागा स्वस्त. स्वस्त पडत नाही. गाडी आगारातून मार्गावर आणि मार्गावरून आगारात रिकामी धावते, तिला डेड मायलेज म्हणतात. जाताना आठ आणि येताना आठ किलोमीटर वाढले, तर शंभर गाड्यांचे दिवसाला सोळाशे किलोमीटर होतात, वर्षाला जवळपास पावणेसहा लाख. एकही तिकीट न फाडता. वीज जळते, टायर झिजतात, चालकाच्या पाळीतला वेळ जातो, आणि हा खर्च दरवर्षी येत राहतो. जागेचे पैसे एकदाच मिळतात.

माणसांबद्दल तर या आराखड्यांत जेमतेम एखादी ओळ असते. भाड्याच्या गाड्यांच्या पद्धतीत गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. 'परवडत नाही' म्हणून कंत्राटदार गाड्या काढून घेऊन गेल्याचं मुंबईने पाहिलं आहे. त्या दिवशी बेस्टच्या हातात रिकामं आगार उरलं आणि थांब्यावर माणसं उरली. स्वतःची कार्यशाळा, स्वतःचे मेकॅनिक आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं असली, तर संस्था अशा दिवशी उभी राहू शकते. दादरच्या कार्यशाळेत पिढ्यांनी कमावलेलं कसब निवृत्तीबरोबर घरी चाललं आहे. नव्या आगारात त्याला जागा ठेवा: शिकाऊ कामगारांची खोली, सुट्या भागांचं भांडार, जुन्या माणसाला शिकवायला बोलावण्याची सोय.

चालकाचंही तेच. 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात भाड्याच्या इलेक्ट्रिक बसने रस्त्यावरची माणसं चिरडली. चालकाला या गाडीचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं होतं का, हा प्रश्न तेव्हा सगळ्या शहराने विचारला. क्लच-गियरवर वर्षं काढलेल्या पायाला इलेक्ट्रिक गाडीची सवय करून द्यावी लागते. त्याला मोकळं मैदान लागतं, वेळ लागतो, शिकवणारा लागतो. हे मैदान आगाराच्या नकाशात दिसलं पाहिजे, मग गाडी कुणाच्याही मालकीची असो.

शिवाय झोप. रात्री बाराला ड्यूटी संपवून पहाटे पुन्हा गाडी काढणारा माणूस बाकावर पेपर अंथरून पडतो, आणि सकाळी त्याच्या हातात साठ जिवांचं स्टिअरिंग. त्याला पलंग, पंखा आणि मच्छरांपासून सुटका हवी. महिला वाहकांना आणि चालकांना स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि स्वतंत्र विश्रांतीची खोली हवी, आगारात आणि मार्गाच्या शेवटच्या चौकीवरही. ही मागणी इतकी जुनी आहे की पुन्हा लिहिताना राग येतो.

जमतं का हे सगळं? जमवायचं ठरवणारे आहेत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचं पोट्रेरो यार्ड हे ट्रॉलीबसचं आगार 1915 सालचं. जागा साडेचार एकराच्या आतली, चहूबाजूंनी वस्ती. ते पाडून मजल्यांचं आगार आणि सोबत परवडणारी घरं, असा आराखडा तिथे आखला गेला. त्यात आगाराची क्षमता 146 गाड्यांवरून 213 वर न्यायची, हा पाया आहे. त्या गाड्या आत बसवून मग घरं किती मावतात ते बघितलं. हाँगकाँगमध्ये तर बस वरच्या मजल्यांवर चढवून ठेवणारी आगारं कित्येक वर्षं चालू आहेत. दाटी मुंबईतच आहे असं नाही. आपल्याकडे अडतं ते पहिल्या आकड्यापाशी. नव्या आगारात आजच्यापेक्षा किती गाड्या जास्त मावणार, ते लिहून द्या. मावणार नसतील, तर त्याला पुनर्विकास म्हणू नका.

आणि सही करण्याआधी एक काम करा, त्याला फारसा खर्च नाही. आराखड्यातले सगळे खांब आगाराच्या जमिनीवर चुन्याने आखा, त्या जागी पिंपं ठेवा. रात्री अकरानंतर एक बारा मीटरची बस आणि एक डबलडेकर फाटकातून आत घ्या. धुलाई, पिट, चार्जर, पार्किंग आणि पुन्हा फाटक, असा पुरा फेरा बेस्टच्याच चालकाला मारू द्या. फोरमनला शेजारी उभं करा, त्याच्या हातात वही द्या. कुठे गाडी मागे घ्यावी लागली, कुठे आरसा पिंपाला लागला, कुठे माणसाला दोन गाड्यांमधून आडवं होऊन जावं लागलं, ते सगळं त्याने लिहावं. मग ती वही घेऊन नकाशा आर्किटेक्टकडे परत पाठवा.