कुंडी, पाळणा आणि पायगुण

छत्रपती संभाजीनगरातील उन्हाळ्याचा उत्तरार्ध, म्हणजे वैशाखाच्या मध्यापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंतचा काळ, फुलांच्या दृष्टीने ओसाड असावा असा परगावच्या माणसाचा समज असतो, आणि चाळीस अंशांपलीकडे गेलेला पारा, काही दिवसांआड येणारा नळ व दुपारी अनवाणी पाऊल ठेवू न देणारी गच्ची पाहता तो समज अगदीच निराधार म्हणता येत नाही. प्रत्यक्षात मात्र सिडकोच्या एन-वन, एन-टू अशा खुणांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहतींत, गारखेड्यात, उल्कानगरीत आणि ज्योतीनगरात याच दिवसांत गच्चीवरच्या कुंड्यांना आणि घरातल्या पाळण्यांना एकदमच बहर येतो. कुंड्यांच्या बहराचे कारण वनस्पतिशास्त्रात सापडते. बाळे बाराही महिने जन्मत असल्यामुळे पाळण्यांच्या बहराचे, निदान त्याच्या गाजावाजाचे, कारण समाजशास्त्रात शोधावे लागते : पुण्यात नोकरी करणारी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते, शाळांना सुट्या असल्यामुळे मावश्या, माम्या आणि त्यांची मुले मुक्कामालाच असतात, आणि त्यामुळे मे महिन्यात जन्मणाऱ्या बाळाला जो प्रेक्षकवर्ग लाभतो तो ऑगस्टात जन्मणाऱ्याला लाभत नाही.

या दोन बहरांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. मराठी घरात तान्ह्या बाळाचे तोंडभरून कौतुक करणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जातो. बाळ गुटगुटीत आहे असे कुणी म्हणताच घरातली ज्येष्ठ स्त्री दृष्ट काढण्यासाठी मीठ-मोहऱ्या शोधू लागते. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका, म्हणजे तीट, लावण्यामागे त्याच्या रूपात मुद्दाम एक उणीव ठेवून पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकवावी असा हिशेब असतो. आणि वजनाच्या चौकशीला ‘बेताचंच आहे’ असे उत्तर देण्याची पद्धत इतकी रूढ आहे की साडेतीन किलोचे बाळही त्या उत्तरातून अडीचाचे होऊन बाहेर पडते. नव्याने आजी झालेल्या स्त्रीची यात मोठीच कुचंबणा होते, कारण जगातले सर्वांत देखणे बाळ आपल्या घरात आहे हे तिला ठाऊक असते आणि ते बोलून दाखवण्याची सोय नसते. फुलांना मात्र दृष्ट लागत नाही, किंवा लागली तरी ती मावा, पिठ्या ढेकूण अशा नावांनी लागते आणि तिच्यावर निंबोळी अर्क फवारता येतो. म्हणून बाळाबद्दल जे बोलायचे ते फुलाच्या निमित्ताने बोलावे ही युक्ती येथील बागप्रेमींनी, म्हणजे निवृत्तीनंतर गच्चीवर कुंड्या मांडून बसलेल्या सद्गृहस्थांनी व गृहिणींनी, केव्हाच आत्मसात केलेली दिसते. शेजारणीला मोगरा पाहायला बोलावले जाते, आणि मोगरा गच्चीवर असूनही तिला आधी आतल्या खोलीत नेले जाते.

मोगऱ्याचा मान या काळात मोठा असतो आणि त्याची व्यवस्थाही तशीच असते. त्याला फूल नव्या फुटीवर येते, म्हणून हिवाळा सरता सरता छाटणी करावी, काही दिवस पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, म्हणजे त्याची पानांची हौस थांबवून त्याला कळ्यांकडे वळवावे, आणि मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करावे, अशी रीत जाणकार सांगतात; येथील नळाचे वेळापत्रक पाहता ताण वेगळा द्यावा लागत नाही. दाट पाकळ्यांच्या वाटोळ्या बटमोगऱ्याचे मालक एकेरी मोगरेवाल्यांकडे जरा वरूनच पाहतात. पण कितीही अभिमानी मालक असला तरी गल्लीत डोहाळजेवण निघाले की त्याची कळ्यांची टोपली रिकामी होते, कारण त्या समारंभात गर्भवतीला फुलांची वाडी, म्हणजे मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत फुलांच्या दागिन्यांचा अख्खा संच, घालायची असते आणि बाजारातला मोगरा लग्नसराईमुळे आवाक्याबाहेर गेलेला असतो. एप्रिलमध्ये अशा रीतीने उसन्या गेलेल्या कळ्यांचा हिशेब कुठेही लिहिलेला नसतो, आणि तो कधीही विसरला जात नाही.

तरीही या दिवसांचा खरा नायक मोगरा नसून मे फ्लॉवर आहे. शास्त्रात स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस आणि बोलण्यात फुटबॉल लिली म्हणवली जाणारी ही मूळची आफ्रिकेतली कंदवर्गीय वनस्पती हिवाळ्यात पाने टाकून जमिनीखाली झोपी जाते, तेव्हा कुंडीत नुसती माती दिसते आणि पाहुणे ती कुंडी रिकामी आहे का असे विचारतात. मे महिन्यात वळिवाची एखादी सर शिंतडून गेली की मातीतून सरळसोट दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला बारीक फुलांचा, कधी कधी दोनशेपर्यंत फुलांचा, लालभडक गोळा उमलतो. हा सोहळा आठ-दहा दिवस टिकतो आणि पुन्हा वर्षभर नाही. या साऱ्या प्रक्रियेत बागप्रेमीचे कर्तृत्व कुंडी फेकून न देणे एवढेच असते. तथापि फूल आल्यावर तो ज्या थाटात दारात उभा राहून अभिनंदने स्वीकारतो तो थाट पाहिला असता, नातवाच्या जन्मानंतर रुग्णालयाच्या व्हरांड्यात पेढे वाटणारे आजोबाच आठवतात, ज्यांचे त्या प्रकरणातले कर्तृत्वही साधारण याच मापाचे असते.

मे फ्लॉवर आणि बाळ एकाच आठवड्यात आले तर मात्र प्रकरण पायगुणावर जाते. पायगुण म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या आगमनाने घराचे भले किंवा बुरे होते अशी समजूत. तिचा जाच सुनांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला असला तरी नातवंडांच्या वाट्याला तिची फक्त जमेची बाजू येते. फूल बाळाच्या पायगुणाने आले हे एकदा जाहीर झाले की त्याला पुराव्याची अडचण राहत नाही. दांडा बाळाच्या आधी चार दिवस मातीबाहेर डोकावला होता हे समोरच्या गच्चीवरून पाहिलेले असले, तरी पायगुण गर्भापासूनच लागू होतो, असा खुलासा तयार असतो; आणि फूल बाळानंतर पंधरा दिवसांनी आले तर ते बाळाला पाहायला आले असे समजावे. गर्भ, फूल आणि वळीव यांच्या कालक्रमाची एवढी लवचीक मांडणी कोणत्याही इतिहासकाराला साधलेली नाही.

इतिहासाचा उल्लेख आलाच आहे, तर या शहरात बाग आणि बाळंतपण यांचा संबंध मुळात थट्टेचा नाही हेही नोंदवले पाहिजे. येथील सर्वांत प्रसिद्ध बाग एका बाळंतिणीची आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिने सप्टेंबर १६५७ मध्ये शहजादा अकबराला जन्म दिला आणि महिनाभरातच, ऑक्टोबरमध्ये, ती याच शहरात वारली. तिच्या स्मरणार्थ १६६० च्या सुमारास उभा राहिलेला बीबी का मकबरा चारबागेत, म्हणजे पाण्याचे पाट व पायवाटा यांनी चार भागांत विभागलेल्या मोगल पद्धतीच्या बागेत, आहे. पहिलटकरणीला सव्वा महिना उंबरा ओलांडू न देणारी, तिला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खायला घालून शेक-शेगडीत बसवणारी आजी लेकीला जुन्या वळणाची आणि हट्टी वाटते, पण त्या सव्वा महिन्याची धास्ती कोठून आली असावी याचे उत्तर मकबऱ्यात मिळते. एरवी त्या वास्तूबद्दल एकच गोष्ट हसून सांगण्याजोगी आहे : ती बांधण्याचे श्रेय दिलरासचा थोरला मुलगा आझमशहा याला दिले जाते, आणि त्याचा जन्म १६५३ चा असल्यामुळे त्या वेळी तो जेमतेम सात वर्षांचा होता. लग्नपत्रिकेत ‘माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असे बोबडे आमंत्रण छापून मोठ्यांचे काम लहानांच्या नावावर टाकण्याची रीत महाराष्ट्रात आजही असल्यामुळे येथील रहिवाशांना या श्रेयात काही खटकत नाही.

बागेसाठी पाणी लागते आणि बाळासाठीही, हा या अभ्यासातला सर्वांत नाजूक भाग. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी नहर, म्हणजे डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी व्यवस्था, उभी केली तेव्हा त्याच्यासमोर गच्चीवरच्या कुंड्या नसाव्यात. आज शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते आणि ज्या दिवशी ते येते त्या दिवशी घरातली कोणतीही व्यक्ती दुसरे काम पत्करत नाही. टाकी भरल्यावर पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि बाळाच्या दुपट्या-लंगोटांचे असे वाटप होते, आणि बागेचा क्रमांक जिथे येतो तिथे टाकी संपलेली असते. यावर तोडगा जुन्या घरांतच होता, कारण तेव्हा न्हाणीचे पाणी परसात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, सोडून त्यावर अळू आणि केळ पोसली जात असे. आता परस राहिलेले नाही, म्हणून डाळीचे पीठ, साय आणि हळद लावून घातलेल्या बाळाच्या अंघोळीचे पाणी बादलीत धरून आजोबा ते जिन्याने वर नेतात. या पाण्यावर गुलाब विशेष टपोरा येतो असा त्यांचा सिद्धान्त आहे. तुलनेसाठी दुसरा गुलाब साध्या पाण्यावर ठेवावा अशी सूचना विज्ञाननिष्ठ जावयाने केल्यास ती फेटाळली जाते, कारण साधे पाणी शिल्लक नसते.

नावांच्या बाबतीत मात्र बाग आणि पाळणा यांची फारकत झालेली आहे. एके काळी जाई, जुई, शेवंता, चमेली आणि गुलाबराव अशी मंडळी एकाच वाड्यात नांदत असत. आता बारशाला, म्हणजे बहुधा बाराव्या दिवशी होणाऱ्या नामकरणाला, आत्या बाळाच्या कानात जे नाव सांगते ते पाहुण्यांना अर्थासह समजावून सांगावे लागते आणि अर्थ समजल्यानंतरही घुगऱ्या खाता खाता काहीजण एकमेकांना ते पुन्हा विचारतात. आश्चर्य असे की जी आजी ‘झामिओकुल्कस झामिफोलिया’ हे नाव न अडखळता उच्चारते आणि रोपवाटिकेतल्या पोरालाही त्याचे स्पेलिंग सुधारून देते, तीच नातवाच्या रेयांश किंवा कियांश या नावापाशी थबकते आणि शेवटी सोन्या म्हणून मोकळी होते. ज्या शहराचे स्वतःचेच खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर असे बारसे वेळोवेळी झालेले आहे, त्या शहराने खरे तर या विषयात अधिक सराईत असायला हवे होते.

बाग आणि बारसे यांचा या शहरातला सर्वांत गाजलेला संयोग सिद्धार्थ उद्यानात घडला. या उद्यानातच महानगरपालिकेचे प्राणिसंग्रहालय असून तेथील अर्पिता नावाच्या वाघिणीला सप्टेंबर २०२३ मध्ये तीन बछडे झाले आणि त्यांचे नामकरण मंत्र्यांच्या उपस्थितीत चिठ्ठ्या काढून करण्यात आले. आत्या नसलेल्या घरात हाच मार्ग उरतो. एका चिठ्ठीतून ‘आदित्य’ हे नाव निघाले, ते बाजूला ठेवून दुसरी चिठ्ठी काढण्यात आली, आणि अखेर श्रावणी, विक्रम व कान्हा ही नावे कायम झाली. निघालेले नाव कुणाला तरी न रुचल्यामुळे पुन्हा चिठ्ठी काढणे हा प्रकार केवळ वाघांच्या बारशात घडतो असे नाही. फरक इतकाच की घरगुती बारशाला वार्ताहर हजर नसतात.

राहता राहिला देवघेवीचा प्रश्न. बाळंतिणीला आणि बाळाला कपडे, अंगडे-टोपडे, दुपटे अशा वस्तू नेऊन देणे याला बाळंतविडा म्हणतात, आणि बागप्रेमींच्या वर्तुळात त्याच्या जोडीला एखादे रोप, फांदी किंवा कंद देण्याचा प्रघात आहे. परतफेड म्हणून मे फ्लॉवरचा कंद मागितला जातो, आणि पायगुणाच्या आनंदात तो तत्काळ कबूलही होतो. अडचण एवढीच की पानांवर असताना कंद हलवू नये, तो हिवाळ्यात झोपला म्हणजे काढावा, असे शास्त्र असल्यामुळे वायदा जानेवारीवर जातो. मधल्या काळात बाळ बाळसे धरून, सव्वा महिना संपवून पुण्याला जाते, पालथे पडते, बसू लागते आणि संक्रांतीला बोरन्हाणासाठी, म्हणजे डोक्यावरून बोरे आणि चुरमुरे ओतून घ्यायच्या कार्यक्रमासाठी, रांगत रांगत आजोळी परत येते. पहिल्याच सकाळी ते गच्चीवर जाऊन हाताला लागेल त्या कुंडीतली माती तोंडात घालते, आणि मे फ्लॉवरचा कंद विषारी असतो हे कुणीतरी वाचून दाखवल्यामुळे ती कुंडी पाण्याच्या टाकीवर चढवली जाते.

वायद्याप्रमाणे शेजारीण जानेवारीत येते तेव्हा तिला आधी बाळ किती चपळ झाले आहे हे, अर्थातच ‘बेताचंच’ या शब्दाचा आधार घेऊन, सविस्तर सांगितले जाते, आणि त्यानंतर कंदाचा विषय निघतो. कंद बाळाच्या पायगुणाचा आहे, तो घराबाहेर गेला तर पायगुणही जातो की काय अशी शंका एका वडीलधाऱ्या बाईंनी काढलेली असते, शिवाय टाकीवर चढायला सध्या कुणाला वेळ नसतो. तिच्या हातावर म्हणून चहासोबत तिळगूळ आणि निघताना कागदाच्या पुडीत गुलबक्षीच्या मूठभर काळ्या बिया ठेवल्या जातात, ज्या या शहरात आजवर कुणी कुणाकडे मागितलेल्या नाहीत, कारण गुलबक्षी एकदा लावली की दरवर्षी आपली आपणच उगवते आणि उपटूनही संपत नाही. शेजारीणबाई पुडी पदराला बांधतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्या सुनेला डॉक्टरांनी मे महिन्याची तारीख दिलेली असते, मोगऱ्याच्या कळ्या या घरच्या गच्चीवरूनच न्यायच्या असतात, आणि त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर गेल्या वर्षी कुणालातरी कबूल केलेला ब्रह्मकमळाचा फुटवा अजून तसाच कुंडीत असतो.