मापकाका

मे महिन्यात कारंज्याच्या आमच्या गल्लीत कुणी "लय तपून राह्यलं" म्हणालं, की ओट्यावरून मापकाकांचा सवाल येतो, "काय तपून राह्यलं? हवा का फरशी?"

काकांची उभी हयात कापसाच्या बाजारात गेली. गाडीतल्या कापसात ओलाव्याच्या मीटरची सुई खुपसायची आणि आकडा ओरडायचा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्याटक्क्याने कपात, १२ च्या वर सरकारी खरेदीदार सीसीआय घेत नाही. निवृत्तीनंतर हात नुसते शिवशिवत होते. अशात पुण्याचा नातू सुटीत आला, सोबत काचेच्या पेटीत ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा.

"कायले आणलं बे हे? आपल्या कुंपणावर कमी हायेत का?" काकू म्हणाल्या.

नातवाने समजावलं. याला पेटीच्या एका टोकाला ऊन खायला ४० अंशांच्या आसपास तापलेला दगड लागतो आणि दुसऱ्या टोकाला २५-२८ चा गारवा. अंगची ऊब नसल्यामुळे तो दोन टोकांत येरझारा घालतो. दगड गार राहिला तर खाल्लेलं पचत नाही. काकांनी काचेला चिकटवलेला तबकडीचा थर्मामीटर तिथल्या तिथे उपटला. "हे काचेचं माप सांगते. सरडा काचेवर बसते का?"

करोनातली कपाळावर रोखायची गन निघाली, पण ती अंगाच्या तापापलीकडे वाचेना. मग कारखान्यात वापरतात तशी मागवली. लाल ठिपका म्हणजे माप नव्हे, हे काकांनी दुसऱ्याच दिवशी गल्लीला शिकवलं: ठिपका नुसता रोख दाखवतो, गन भोवतालच्या अख्ख्या वर्तुळाची सरासरी सांगते. १२ फुटांवरून फूटभर वर्तुळ, फुटावरून इंचभर. आणि काचेतून तर ती दगड पाहतच नाही, काचच मोजते. झाकण उघडावंच लागतं.

पेपरात अकोला ४४ आणि काकांच्या पत्र्यावर ६५! हवामान खात्याचा थर्मामीटर सावलीत, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो, हे नातवाने सांगून पाहिलं. "सरकार सावलीत बसते," काका म्हणाले, "सरडा दगडावर बसते."

खरी पंचाईत पुढेच. पुण्यात दिवा लावून दगड तापवावा लागे. इथे दिवा विझवला तरी गार टोक ४१! म्हणून कुलर सरड्याच्या खोलीत गेला, काकू ओट्यावर आल्या. कुलरने हवेत ओल चढली, ती त्या वाळवंटी जिवाला सोसत नाही. काकांनी ओलावा मोजला. "साठ टक्के! बाजारात असता तर गाडी परत केली असती." शेवटी कुलरचं तोंड मधल्या दाराकडे वळलं. सरड्याला निम्मा वारा, काकूंना निम्मा. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, पण काकूंच्या वाट्याला मापात काही येण्याची ही पहिलीच वेळ.

सुटी संपली. सरडा पुण्याला गेला, गन राहिली. काकांनी ती उकळत्या चहाच्या चकचकीत स्टीलच्या गंजावर रोखली. "पस्तीस. उचल बिनधास्त." काकूंनी उचलला, पुढचे दोन दिवस स्वयंपाक काकांनी केला. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर सोडत नाही, म्हणून गन फसते. वर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखलं की आकडा खरा येतो, एवढं ज्ञान त्यातून घरात आलं.

तेव्हा गुरुमहाराजांच्या दर्शनाला कारंज्यात आलात आणि काकांकडे चहाला थांबलात, तर कपाला काळी पट्टी दिसेल. ती काढू नका, आकडा ऐकल्याशिवाय पिऊही नका.